रकान्यात माणसं राहत नाहीत : मॉरिशसमधल्या समाज-संस्थांना खुलं पत्र

प्रति,
मॉरिशसमधील सर्व धार्मिक आणि सामाजिक-सांस्कृतिक संस्थांचे अध्यक्ष व पदाधिकारी,
आणि त्यांतही आधी आपल्या मराठी मंडळांची कार्यकारिणी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एक निवृत्त मराठी शिक्षिका. माहेर सातारा जिल्ह्यातलं, सासर वाक्वाचं. 1989 साली लग्न होऊन या बेटावर आले आणि इथलीच झाले. आपल्यापैकी काहींची मुलं माझ्याकडे बाराखडी शिकली आहेत, काहींच्या घरच्या मंगळागौरी मी जागवल्या आहेत. तेव्हा ‘बाहेरून आलेली बाई, तिला काय कळतंय’ असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करते.

गेल्या गणपतीची गोष्ट. उत्सवाच्या आधी मंडळाची बैठक झाली. पहिल्या रांगेत कोण बसणार, मंत्र्यांना निमंत्रण कोणी द्यायचं, दुसऱ्या मंडळाकडे पाहुणे जास्त वेळ थांबले तर आपण काय करायचं, यावर दीड तास बोलणं झालं. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलायची वेळ आली तेव्हा खांदा द्यायला चार तरुण मिळेनात. मी मोजले. साठीच्या पुढचे अकरा पुरुष होते, शाळकरी पोरं होती, मधलं वय नव्हतंच. आमचे हे सहासष्ट वर्षांचे, गुडघ्याला पट्टा बांधून पुढे झाले. तेवढ्यात शेजारच्या तांतिनचा (तांतिन म्हणजे इथल्या भाषेत मावशी) नातू कुंपणापलीकडून आला, चप्पल काढली आणि एका कोपऱ्याला हात घातला. गळ्यात क्रूस होता, तो त्यानं शर्टाच्या आत सारला. समुद्रापर्यंत मूर्ती त्यानं खाली टेकू दिली नाही. परत येताना मला म्हणाला, “तांतिन, पुढच्या वर्षी मी नसेन. कॅनडाचे कागद झालेत.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांच्या वाट्यासाठी आपण दीड तास भांडलो ती माणसं आहेत कुठे?

महाराष्ट्रात हे पत्र कोणी वाचलं तर त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचा देश क्षेत्रफळानं सातारा जिल्ह्याचा पाचवा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत. त्यात निम्म्याच्या जवळपास हिंदू, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ख्रिस्ती, पाचव्या हिश्शाहून थोडे कमी मुसलमान, आणि थोडे चिनी बौद्ध. थैपूसम कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ, सगळ्यांची सरकारी सुट्टी असते. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी मिळते ती इथल्या मूठभर मराठी माणसांमुळे. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरी-कोल्हापूरकडून मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत आले, त्यांची ही पोरं-नातवंडं. 1834 साली ‘अ‍ॅटलस’ जहाजातून पहिले मजूर उतरले ती तारीख, 2 नोव्हेंबर, हीसुद्धा सुट्टी. आणि गुलामगिरी संपली म्हणून 1 फेब्रुवारीचीही. एवढ्याशा जमिनीवर एवढ्या लोकांनी एकमेकांच्या सणांना जागा करून दिली, याचा मला फार अभिमान आहे. आल्या आल्या पहिल्या महाशिवरात्रीला गंगा तलावाला चालत निघाले होते, तेव्हा वाटेत एका मुसलमान घरानं आम्हाला सरबत दिलं, पाय धुवायला पाणी दिलं. ते दार मला अजून ओळखता येईल.

पण याच देशात माणसाची मोजणीही गटागटानं होते. जनगणनेत धर्म विचारला की आपली माणसं ‘मराठी’ असंही उत्तर देतात आणि तशीच नोंद होते. तमिळ, तेलुगू वेगळे. स्वातंत्र्याच्या वेळी मान्यता मिळालेल्या सहा धर्मसंस्थांना सरकारी तिजोरीतून वर्षाला रक्कम मिळते, ती जनगणनेतल्या डोक्यांच्या हिशेबानं. राज्यघटनेत चार समाज लिहिले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि जो आपल्या राहणीवरून या तिघांत बसत नाही तो ‘जनरल पॉप्युलेशन’. आमचे क्रिओल शेजारी, म्हणजे आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज, ज्यांच्या पूर्वजांनी इथला पहिला ऊस कापला, ते घटनेत आहेत ते कोण नाहीत या नावानं. संसदेत बासष्ट निवडून आलेल्या जागांवर आणखी जास्तीत जास्त आठ जागा समाजांचा तोल राखायला हरलेल्या उमेदवारांतून भरायच्या, ही ‘बेस्ट लूझर’ पद्धत. तिचा हिशेब आजही 1972 च्या जनगणनेवर होतो, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनंही यावर बोट ठेवलं. 1972 च्या त्या जनगणनेतली कितीतरी माणसं आज मेलबर्न आणि टोरांटोच्या मातीत आहेत, आणि इथे त्यांच्या नावावर अजून जागा मोजल्या जातात.

ही पद्धत आली ती भीतीतून, आणि ती भीती खरी होती. हे मी तांतिनकडून शिकले.

तांतिन म्हणजे शेजारची क्रिओल आजी. क्रिओल भाषेत मावशी-आत्याला म्हणतात तांतिन. ती माझी तांतिन, मी तिच्या नातवाची तांतिन. ती मला ‘मो तिफी’ म्हणते, माझी पोरगी. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला इथली डाळ शिजवता येईना, तेव्हा तिनंच कुंपणावरून हात धरून शिकवली. तिचा जन्म राजधानी पोर्ट लुईचा, रोश ब्वा भागातला. 1967 च्या निवडणुकीत जवळजवळ चव्वेचाळीस टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली होती. ब्रिटिश गेले की हिंदूंचं राज्य येणार आणि आपल्याला कोणी विचारणार नाही, असं तिच्या घरात रोज बोललं जाई. जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांत दंगल पेटली, माणसं मेली, ब्रिटिश सैनिक आणावे लागले. रोश ब्वातली मुसलमान घरं प्लेन व्हेर्तला गेली, प्लेन व्हेर्तची क्रिओल घरं इकडे आली. लोकांनी रातोरात बिऱ्हाडं हलवली. दोन महिन्यांनी, 12 मार्चला, झेंडा फडकला. तांतिनचे दोन भाऊ तो बघायला थांबले नाहीत. त्याच सुमारास गोऱ्या आणि मिश्र वंशाच्या कितीतरी कुटुंबांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली, त्यांत हेही जहाजानं गेले. तांतिन नवऱ्यामुळे राहिली. भावांचा एक फोटो तिच्या भिंतीवर आहे: धक्क्यावर उभे, उन्हात कोट घातलेले.

माझा मुलगा पर्थला गेला त्याला आता सहा वर्षं होतील. विमानतळावरून आम्ही परत आलो तेव्हा तांतिन ओट्यावर बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझे भाऊ तुमच्या भीतीनं गेले, मो तिफी. तुझा मुलगा कोणाच्या भीतीनं गेला?”

पदाधिकारी मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मी आपल्याला देणार आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे.

मुलगा विद्यापीठातून चांगल्या गुणांनी पास झाला. एका सरकारी कचेरीत जागा निघाली, त्यानं अर्ज केला. घरी येणारा प्रत्येक माणूस एकच विचारी, “बॅकिंग कोणाचं आहे?” हा शब्द इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मी घाबरले. मुलाला न सांगता एका संस्थेच्या वजनदार माणसाकडे गेले. हातात मोदकांचा डबा होता. त्यांनी आपुलकीनं बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, “ताई, या खेपेला आपल्यातला एक आधीच लावलाय. दुसरं नाव पुढे केलं तर बाकीचे समाज ओरडतील. पुढच्या वेळी बघू.” मुलाला ती नोकरी मिळाली नाही. गुणांवर गेली की कशावर, हे मला कळायला मार्ग नाही. पण मी गेले होते हे मुलाला कळलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “आई, मला मिळाली असती तरी आयुष्यभर वाटलं असतं, मराठी होतो म्हणून मिळाली. आणि नाही मिळाली तर वाटणार, मराठी कमी पडलो म्हणून. मी कुठे आहे यात?” वर्षाच्या आत त्यानं बॅगा भरल्या.

तो कोणाच्या भीतीनं गेला नाही. इथे आपल्या नावापुढचा रकाना आधी वाचला जातो आणि माणूस नंतर, असं त्याला वाटलं म्हणून गेला. शेजारचा क्रिओल नातूही त्याच कारणानं निघाला आहे, आमच्या डॉक्टरांचा मुसलमान मुलगा त्याच कारणानं फ्रान्समध्ये राहिला आहे. प्रत्येकाला वाटतं की जागा दुसऱ्या समाजाला गेली. पगार, घरांच्या किमती, छोट्या देशातल्या मोजक्या संधी, हीही कारणं आहेतच, ती मी नाकारत नाही. पण पैशासाठी गेलेला मुलगा परत यायचं बोलतो. आपला अपमान झाला असं वाटून गेलेला बोलत नाही.

9 सप्टेंबर 2019 ला पोप फ्रान्सिस पोर्ट लुईला आले होते. देशाची आर्थिक वाढ होऊनही सगळ्यात जास्त सोसतात ते तरुण, असं त्यांनी भर प्रार्थनेत सांगितलं. त्या दिवशी मी तांतिनबरोबर डोंगराच्या पायथ्याशी गर्दीत उभी होते. आपल्यापैकीही कितीतरी जण पुढे, निमंत्रितांत बसलेले मी पाहिले. ते वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे.

आता चिनी समाजाकडे पाहा. मी आले तेव्हा प्रत्येक गावात एक चिनी दुकान होतं, लाबुतिक. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तांदूळ, तेल, मेणबत्त्या, शाळेच्या वह्या सगळं मिळे, आणि उधारी एका छोट्या वहीत, ‘कार्ने’त, लिहिली जाई. उसाचा हंगाम संपला की मजूर पैसे चुकते करत. दुकानदाराला माझ्या सासूबाईंची उधारी तोंडपाठ होती आणि गणपतीला नारळ तो पैसे न घेता देई. त्याची मुलं शिकली, टोरांटोला गेली. म्हातारा गेला, दुकानाला कुलूप लागलं, आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. घटनेत चिनी समाजाचा रकाना आजही तसाच आहे. पंचवीस रुपयांच्या नोटेवर चिनी पुढाऱ्याचं चित्र आहे. रकान्यानं आणि नोटेनं त्या घरातला एकही माणूस थांबवला नाही.

नोटेवरून आठवलं. 1998 मध्ये नवीन नोटा निघाल्या, त्यांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला म्हणून केवढा वाद झाला! शेवटी नोटा मागे घेऊन नव्यानं छापाव्या लागल्या. तमिळ बांधवांचं दुःख मी समजू शकते. भाषा हा माझ्याही जिवाचा विषय आहे. पण ती ओळ वाचू शकणारी मुलं घरात उरतील का, यासाठी तेवढ्या तळमळीनं कोणी रस्त्यावर आलेलं मी पाहिलं नाही. मराठीसाठीही नाही.

मराठीबद्दल तर मला बोललंच पाहिजे. प्राथमिक शाळेत भाषेचा तास असतो. घंटा झाली की वर्ग फुटतो: हिंदीची मुलं एका खोलीत, उर्दूची दुसऱ्या, तमिळ, तेलुगू, मंदारिन आपापल्या बाईंकडे. मी दारात उभी राहून माझी मुलं बोलवत असे. पहिल्या वर्षी एका वर्गातून नऊ उठली होती. आणि जी मुलं कोणाच्याच बोलावण्यावर उठत नसत, बहुतेक क्रिओल, ती बाकांवर बसून राहत. एकदा एका मुलीनं विचारलं, “मादाम, मला कोण बोलावणार?” 2012 पासून शाळेत क्रिओल भाषा शिकवायला लागले, तेव्हा कुठे तिच्यासारख्यांना कोणी तरी बोलावू लागलं. त्याआधी इतकी वर्षं मी त्या दारात उभी होते आणि ‘तूही ये, मराठी शिक’ असं मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी म्हटलं नसतं, कारण ‘आपली मुलं’ मोजून वर कळवायची असत. हे मला फार लागतं. निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या बोलावण्यावर दोन मुलं उठली.

गावात घरं कमी झाली, घरांत मुलं कमी झाली, आणि असलेली मोठी होऊन गेली. 2011 ची जनगणना आणि 2022 ची जनगणना, अकरा वर्षांत देशाचा आकडा जागच्या जागी आहे. कारखान्यांत आणि बांधकामांवर आता बांगलादेश, नेपाळ, मादागास्करहून मजूर येतात. त्यांच्या वसतिगृहांवरून जाताना मला पोर्ट लुई बंदरातल्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आठवतात, ज्यांवरून आमच्या सासरच्या पूर्वजांनी या बेटावर पाऊल ठेवलं. त्यांचा सण कुठल्या रकान्यात बसतो, हे आपल्यापैकी कोणी विचारलं आहे का?

आपल्याला वाटेल, ही बाई सगळं मोडायला निघाली. तसं नाही. बेस्ट लूझर नको म्हणणं हिंदूला सोपं आहे, कारण आकडा आपल्या बाजूनं आहे, हे मला कळतं. 1960 च्या दशकात मुसलमान पुढाऱ्यांनी आणि इतरांनी हमी मागितली ती उगाच नव्हती. ती हमी काढायची तर तिच्या जागी तितकीच भक्कम दुसरी व्यवस्था हवी, जी माणसाला ‘तू कोण’ असं न विचारता कमी संख्येच्या लोकांना संसदेत आणेल. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी साक्स यांच्या आयोगानं 2002 मध्येच प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा, रस्ता दाखवला होता. इतकी वर्षं त्यावर नुसती चर्चा झाली. सुधारणेचा मसुदा पुन्हा पुढे येईल तेव्हा ‘आमच्या समाजाचं काय’ एवढंच निवेदन घेऊन जाऊ नका. सगळ्या संस्थांनी मिळून एक निवेदन द्या. तसं आजवर एकदाही झालेलं मी पाहिलेलं नाही.

पण त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागेल. एक गोष्ट मात्र आपल्या हातात आजच आहे. नोकरीसाठी, बदलीसाठी, बढतीसाठी कोणाच्याही नावाची शिफारस करायची नाही, तोंडी नाही आणि लेखी नाही, असं प्रत्येक संस्थेनं जाहीर करावं. जाहीर म्हणजे वर्तमानपत्रात, सह्यांनिशी. उद्या माझ्यासारखी एखादी आई डबा घेऊन दारात आली तर तिला चहा द्या, पण ‘आपल्यातला’ हा शब्द तिच्यापुढे काढू नका. दुसऱ्या संस्थांनी आधी करावं मग आम्ही, असं म्हणत बसलो तर कोणीच करणार नाही. आपण मराठी इथे संख्येनं सगळ्यात लहानांपैकी आहोत. आपल्याकडे गमावण्यासारखं फार नाही, म्हणून सुरुवात आपण करावी असं मला वाटतं.

आणि संध्याकाळचे मराठी वर्ग ज्याला हवे त्याला उघडे करा. मी गेल्या जूनपासून ओट्यावर करून पाहते आहे. पाच मुलं येतात. त्यांतली दोन मराठी घरांतली, दोन क्रिओल, एक तेलुगू. त्या क्रिओल मुलांना आपली झाकरी नाचायची आहे, म्हणून गाण्यातले शब्द समजून घ्यायचे आहेत. ‘ळ’ म्हणताना सगळ्यांची जीभ सारखीच अडखळते. हजेरीच्या वहीत मी समाजाचा रकाना आखलेला नाही.

पर्थमध्ये मुलाच्या घरी दर शुक्रवारी इथली पोरं जमतात. व्हिडिओवर मी बघते: एक चिनी मुलगी कढईसमोर, एक मुसलमान मुलगा बिर्याणीचा टोप घेऊन आलेला, माझा मुलगा डालपुरी लाटतोय आणि ती गोल होत नाही म्हणून सगळे त्याला ओरडतायत, क्रिओलमध्ये. तिथे त्यांना कोणी समाज विचारत नाही. मी एकदा म्हटलं, हे सगळं इथे का नाही करत रे? तो म्हणाला, “आई, तिथे आम्ही एकमेकांना भेटलोच नव्हतो.” शाळेत ते सगळे एका वर्गात होते. भाषेच्या तासाला उठून वेगवेगळ्या खोल्यांत गेले होते, त्यांतली एक खोली माझी होती.

तांतिन 8 सप्टेंबरच्या रात्री पेर लाव्हाल या कॅथलिक धर्मगुरूंच्या समाधीला सेंत क्र्वाला चालत जाते, दर वर्षी. तिथे हिंदूही येतात, मुसलमानही येतात, हे आपल्याला माहीत आहेच. यंदा तिला चालवणार नाही, म्हणून मी तिला गाडीनं नेणार आहे. नातू नसेल. तिच्या मेणबत्त्या मी धरेन.

येत्या रविवारी मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. शिफारसी बंद करण्याचा ठराव मी लेखी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदक म्हणून यांची. आपल्या नियमाप्रमाणे विषय घ्यायला तिसऱ्या सभासदाची सही लागते, ती जागा मोकळी आहे. कागद माझ्याकडे घरी आहे. सभेच्या आधी कधीही या, अगदी रात्री उशिरा आलात तरी चालेल. आम्ही दोघंच असतो.

आपली,
वाक्वा येथील एक निवृत्त मराठी शिक्षिका